न खाई भोगी, तो सदा रोगी

पौषातील थंडी अंगात भिनू लागली आणि होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेची पाले उभी राहू लागली, की सोलापुरात घरोघरी भोगी-संक्रांतीची चाहूल लागते. ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, ते पेलणारे शुभ्र बाराबंदीतील भक्तगण, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शेवटी आकाश उजळून टाकणारे शोभेचे दारूकाम, या क्रमाने नगरीचे ते दिवस मोठ्या भाराचे आणि मोठ्या आनंदाचे जातात. रूपाभवानीच्या सान्निध्यात वसलेल्या भवानी पेठेत तर या सणाला तीन भाषांची गोडी लाभते. एका घरी मराठी गुळपोळी लाटली जाते, दुसऱ्या घरी कन्नड वळणाचे एळ्ळु-बेल्ल म्हणजे तीळ-गूळ वाटले जाते, तर तिसऱ्या घरी, तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबात, तांदळाच्या पिठात तीळ मळून सकिनालुची कडी वळली जातात. देव एक, सण एक, ताटे मात्र निरनिराळी.

या आनंदाच्या दिवसांत एक प्रश्न अलीकडे प्रत्येक घरात, कधी उघडपणे तर कधी दबक्या आवाजात, विचारला जाऊ लागला आहे. खावे किती? घरातील वडीलधाऱ्यांना मधुमेह जडला आहे, कर्त्या पुरुषाच्या रक्तदाबाने डोके वर काढले आहे, सुनेला डॉक्टरांनी वजन उतरवण्यास सांगितले आहे. आणि स्वयंपाकघरात तर तुपाच्या धारेखाली गुळपोळ्यांची चळत उभी आहे. एका बाजूस धर्म आणि दुसऱ्या बाजूस आरोग्य, असा हा झगडा मांडला जातो. सणाला नाही म्हणावे तर देवाचा अवमान, हो म्हणावे तर देहाचा. आम्हांस वाटते, हा झगडाच मुळात खोटा आहे. आपल्या पूर्वजांनी सणाचे ताट ज्या विचाराने रचले, तो विचार आपण विसरलो आणि केवळ ताटातील गोड तेवढे लक्षात ठेवले, म्हणून हा पेच उभा राहिला आहे.

भोगीच्या ताटातील शहाणपण

“न खाई भोगी, तो सदा रोगी” ही म्हण महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक आहे. तिचा उपयोग बहुधा दुसऱ्याला आणखी वाढण्यासाठी केला जातो. परंतु म्हण ज्या भोगीविषयी बोलते, त्या दिवशीचे ताट एकदा नीट न्याहाळून पाहावे. त्यात गोडाला मानाचे स्थान नाही. तीळ थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि या सर्वांच्या मध्यभागी भोगीची भाजी. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोले, ओले शेंगदाणे, बोरे, चाकवताची पाने; जे जे या ऋतूत शिवारात पिकते, ते ते एका भांड्यात येते आणि तिळाच्या कुटात शिजते. कुठे तिला खेंगट म्हणतात, कुठे लेकुरवाळी भाजी. लेकुरवाळी हे नाव किती सार्थ! शेताची सारी लेकरे जणू एका आईच्या पदराखाली गोळा होतात.

आजचा आहारतज्ज्ञ जे सांगतो, त्यातील बरेचसे या एका ताटात आहे. निरनिराळ्या रंगांच्या भाज्या, डाळ, भरड धान्य, तेलबिया. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातील अनेकांना बाजरी-ज्वारीचा नव्याने शोध लागला. सोलापूर जिल्ह्याला तो शोध लावावा लागला नाही. मालदांडी ज्वारीचे नाव मोहोळ आणि मंगळवेढे या भूमीशी जोडलेले आहे, आणि कडक भाकरी ही तर आमच्या घरांची ओळख. बाजरीत गव्हा-तांदळापेक्षा लोह अधिक, तंतू अधिक. टरफलासकट तीळ घेतले तर शंभर ग्रॅमांत हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम. हे आकडे आमच्या आज्यांना माहीत नव्हते. त्यांना एवढेच माहीत होते, की थंडीत हे खाल्ले म्हणजे अंगात ऊब राहते आणि मूल आजारी पडत नाही.

आयुर्वेदाची साक्षही हेच सांगते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्येचा विचार आहे. हेमंतात बाहेरच्या थंडीमुळे देहातील अग्नी आत कोंडला जातो व प्रबळ होतो. त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो देहाच्याच धातूंवर चालून जातो, असे तेथे प्रतिपादन आहे. म्हणून त्या काळात स्निग्ध, बलवर्धक अन्न घ्यावे. संक्रांतीचे तीळ, तूप आणि गूळ यांमागे ही दृष्टी आहे. परंतु त्याच ग्रंथात, त्याच्या अगदी आधीच्या अध्यायाचा आरंभच मात्रेने होतो. मनुष्याने मात्रेत खाणारे असावे, आणि मात्रा ठरते ती प्रत्येकाच्या अग्नीच्या बळावर, असा तो सिद्धांत. पुढे विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत : एक घन अन्नासाठी, एक द्रव पदार्थांसाठी आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी मोकळा. थंडीत भरपूर खा असे सांगणारे शास्त्र आणि एक भाग मोकळा ठेव असे सांगणारे शास्त्र एकच आहे. आपण त्यातील पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे सोयीस्करपणे विसरलो.

तिळाचे उपयोग सहा, त्यांत खाणे एक

संक्रांतीच्या दिवशी तिळाचा सहा प्रकारांनी उपयोग करावा, असा आपल्याकडील जुना संकेत. तीळ घातलेल्या पाण्याने स्नान, तिळाचे उटणे, तिळाचा होम, तिलोदकाने तर्पण, तिळाचे भक्षण आणि तिळाचे दान. या सहांमध्ये खाणे हे केवळ एक आहे. उरलेल्या पाचांत देहाची शुद्धी आहे, देवांचे स्मरण आहे, पितरांचे ऋण आहे आणि शेजाऱ्याचा वाटा आहे. आपण मात्र पाच सोडून दिले आणि सहावा पाचपट केला. मग सण अंगावर आला म्हणून तक्रार कशाला करावी?

सिद्धेश्वरांच्या यात्रेचा आरंभही तेलानेच होतो. यण्णीमज्जन, म्हणजे देवाला तेलाचे स्नान. नंदीध्वजांसह अडुसष्ट लिंगांपर्यंत जाण्याची ती पायपीट ज्यांनी केली आहे, त्यांना ठाऊक आहे की हा सण बसून खाण्याचा नाही. नंदीध्वज पेलण्यासाठी खांदा, कंबर आणि श्वास तयार असावा लागतो. त्यासाठी भक्तगण यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात. ज्या शिवयोग्याच्या नावाने ही यात्रा भरते, ते बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर स्वतः कर्मयोगी होते. लोकांच्या श्रमाने तलाव उभा करणे हीच त्यांची पूजा होती. अशा योग्याच्या सणात श्रम वजा केले आणि जेवण तेवढे शिल्लक ठेवले, तर त्यात त्यांचा वारसा कितीसा उरला?

संक्रांतीच्या वाणातील सुगडही असेच बोलके आहे. मातीच्या त्या लहानशा भांड्यात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, बोरे, गव्हाच्या ओंब्या आणि वर चिमूटभर तीळगूळ असतो. म्हणजे पाच भाग शेतातून नुकतेच आलेले आणि एक भाग गोडाचा. हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीच्या हातावर जो तीळगूळ ठेवतात, तो तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढाच. प्रसादाचे माप नेहमी हाताचे असते, ताटाचे नसते. देवळात कोणी वाटी भरून प्रसाद मागत नाही, आणि मागितला तर आपणच त्याच्याकडे चमकून पाहू.

सण रोजचा झाला

मग बिघडले कोठे? पूर्वीचे लोकही गुळपोळ्या खातच होते, आणि आजच्यापेक्षा अधिक खात होते, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु ते खाणारे शरीर कोणत्या दिनक्रमातून येत होते, हे पाहिले पाहिजे. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीत आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांत या शहराच्या पिढ्या पाळीपाळीने उभ्या राहून राबल्या. हातमागावर बसणाऱ्याचे हात आणि पाय दोन्ही चालत. पाणी आडातून शेंदावे लागे, दळण जात्यावर ओढावे लागे, कामावर पायी जावे लागे. वर्षातून मोजक्या दिवशी घरात पुरण किंवा गूळ शिजे, आणि तो गूळ दोन दिवसांत घामावाटे निघून जाई. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आडावर झाकण पडले, जाते कोपऱ्यात गेले. देहाचे श्रम ओसरले. ताट मात्र होते तेवढेच राहिले, किंबहुना वाढले.

त्याहून मोठा बदल असा, की गोड हे सणापुरते उरले नाही. सकाळच्या चहात साखर, चहाबरोबर बिस्किट, दुपारी कोणाच्या वाढदिवसाचा केक, सायंकाळी बाटलीतील गोड पेय, रात्री लग्नाच्या जेवणात दोन मिष्टान्ने आणि वर आइस्क्रीम. आपण वर्षाचे तीनशे दिवस नकळत सणाचे जेवण जेवतो, आणि खऱ्या सणाच्या दिवशी मात्र पथ्याची आठवण येऊन गुळपोळीवर राग काढतो. बिचारी गुळपोळी वर्षातून एकदा येते आणि वर्षभराच्या चहा-बिस्किटांचा दोष अंगावर घेऊन जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. आता हिशेब करावा. एका गुळपोळीच्या सारणात ३० ग्रॅम गूळ धरला, तर दोन पोळ्यांत ६० ग्रॅम झाला. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक, त्यात थोडीफार खनिजे अधिक, हे मान्य. परंतु तो बहुतांशी साखरच आहे, आणि रक्तात उतरल्यावर तो आपले कूळ सांगत बसत नाही. “मी साखर सोडली, आता गूळच खातो” असे समाधानाने म्हणणाऱ्या मधुमेही मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. तीळ आणि शेंगदाणे पौष्टिक खरे, पण त्यांच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा आहे.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज देण्यात आला. म्हणजे सणाच्या पंक्तीत बसलेल्या प्रत्येक मोठ्या कुटुंबात या दोहोंपैकी कोणीतरी असण्याचाच संभव अधिक. ज्याला आपण आग्रहाने तिसरी पोळी वाढतो, तोच कदाचित तो असेल, आणि कदाचित त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल.

तेव्हा उपाय सणात शोधू नये, रोजच्या दिवसात शोधावा. साधे दिवस साधे राहिले, तरच सणाचा दिवस सणाचा राहतो. ज्याच्या जिभेला रोज साखरेची सवय, त्याला गुळपोळीचा खमंगपणा कळणार तरी कसा? व्रत-वैकल्यांनी भरलेल्या आपल्या पंचांगाचा हाच तर अर्थ आहे. एकादशी, सोमवार, चातुर्मासातील नेम आणि त्यांच्या मधून मधून येणारे सण; संयम आणि उत्सव यांची ही वीण घट्ट होती. आपण उभे धागे काढून टाकले आणि आडव्या धाग्यांवर कापड टिकेल अशी आशा धरली. वस्त्रोद्योगावर वाढलेल्या या शहराला तरी हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आग्रहाचा अतिरेक

आता थोडे आग्रहाविषयी. पंक्तीतील आग्रह हा आपल्या संस्कृतीचा गोड अलंकार आहे, यात शंका नाही. ज्या काळी पाहुणा कोसोकोस चालून येई आणि घरात धान्य मोजके असे, त्या काळी “आणखी घ्या” म्हणण्यात मोठे मन होते. पोटभर जेवू घालणे ही त्या काळची सर्वांत मोठी देणगी. आज पाहुणा जेवूनच येतो, आणि तरीही आपण त्याला “देवाचे आहे, नाही म्हणू नये” अशी शपथ घालतो. त्या शपथेत देव किती आणि यजमानाचा मान किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. आजारी माणसाच्या पानात त्याच्या नकारावर वाढलेली पोळी हा प्रसाद नव्हे, ती त्याच्यावर केलेली सक्ती आहे. ज्या देवाला आपण भावाचा भुकेला म्हणतो, त्याच्या नावाने ही सक्ती करू नये.

या आग्रहाचा भार आणखी एका व्यक्तीवर पडतो, आणि तिची आठवण सणाच्या लेखांतून क्वचितच होते. घरातील सून किंवा आई पहाटेपासून चुलीपुढे असते. पन्नास पोळ्या लाटून, पंक्तीमागून पंक्ती उठवून, ती जेवायला बसते तेव्हा दुपार कललेली असते, भाजी सरलेली असते आणि उरलेल्या असतात त्या गार झालेल्या गोड पोळ्या. सकाळपासून उपाशी राहून एकदम गोड खाणे हे तिच्या देहाला सर्वांत अपायकारक. ताटातील पदार्थ दोन कमी झाले आणि ती सर्वांबरोबर पानावर बसली, तर देवाचा नैवेद्य उणा पडणार नाही. उलट घरातील अन्नपूर्णा उपाशी ठेवून अन्नपूर्णेची पूजा होत नाही, एवढे तरी आपण मान्य करू.

मुलांचाही विचार व्हावा. बोरनहाणात मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा ओततात; तेलुगू घरांतही भोगीला मुलांच्या डोक्यावरून बोरेच ओततात. दोन्हीकडे फळच आहे. त्या जागी आता चॉकलेटे आणि गोळ्या यांचा वर्षाव होताना दिसतो. मुले वेचून खातात ते आयुष्यभर त्यांच्या जिभेवर राहते. त्यांना बोराची आंबटगोड चव वेचू द्यावी. यात्रेत त्यांना अवश्य न्यावे, पाळण्यात बसवावे, भज्यांचा घाणाही चाखू द्यावा. मात्र काळ्या पडलेल्या तेलातील तळण आणि भडक रंगांची मिठाई यांपासून दूर ठेवावे. २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे गड्ड्याचा बाजार भरला नाही, मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत धार्मिक विधी पार पडले. त्या वर्षी सिद्धरामेश्वरांची यात्रा अपुरी राहिली, असे कोणा भाविकाने म्हटले नाही. यात्रेचा प्राण कोठे आहे, हे त्या वर्षाने आपल्याला दाखवून दिले.

पथ्याचाही अहंकार नको

एवढे सांगून झाल्यावर दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अलीकडे काही घरांत पथ्याचेच एक नवे कर्मकांड उभे राहिले आहे. पानावर बसल्यावर प्रत्येक घासाचे उष्मांक मोजायचे, वाढणाऱ्या आजीला तुपाचे तोटे समजावून सांगायचे, इतरांच्या पानाकडे पाहून मान हलवायची. अशा माणसाच्या शेजारी बसून कोणाला जेवण गोड लागेल? तीळगूळ देताना आपण गोड बोलण्याची विनंती करतो. जो तीळगूळ टाळतो आणि बोलणेही कडू करतो, त्याने सणाचे दोन्ही अर्थ गमावले.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितले आहे, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचा आहार-विहार युक्त, त्याचाच योग दुःखाचा नाश करतो. ‘युक्त’ या एका शब्दात सणाच्या ताटाचे सारे धोरण आले. तो शब्द भोगाला परवानगी देतो आणि त्याच्याभोवती कुंपणही घालतो. आपण जेवणापूर्वी म्हणतो त्या श्लोकात जेवणाला यज्ञ म्हटले आहे. यज्ञात आहुतीचे माप ठरलेले असते. तूप अधिक ओतले म्हणून यज्ञ अधिक पवित्र होत नाही, ज्वाळा मात्र मंडपाला लागण्याची भीती असते.

महाराष्ट्रीय ताटाची मांडणी हेच माप डोळ्यांपुढे ठेवते. वर मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी. मध्ये भाताची लहानशी मूद, तिच्यावर वरण आणि चमचाभर तूप. गोडाला जागा आहे, पण ती ताटातील एक जागा आहे, सारे ताट नव्हे. वाढप्याने ही मांडणी राखली आणि जेवणाऱ्याने सारे पदार्थ क्रमाने घेतले, तर निम्मे पथ्य आपोआप पाळले जाते. भाजी, कोशिंबीर आणि डाळ आधी पोटात गेली तर मागाहून आलेले गोड रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतरची शतपावली ही तर आपली जुनीच सवय. तिने जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. संक्रांतीच्या दुपारी अंथरुणावर आडवे होण्याऐवजी सहकुटुंब पायी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जावे. पुण्यही जोडले जाईल आणि पोळीही पचेल.

ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी अर्धी गुळपोळी, भाजी-भाकरीच्या जेवणानंतर, चवीने आणि अपराधी न वाटता खावी. तीही आपल्या डॉक्टरांना विचारून. नैवेद्य होईपर्यंत उपाशी राहण्याचा नेम गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी धरू नये. साखर एकाएकी उतरणे हे वाढण्याइतकेच, कधी कधी त्याहूनही, घातक असते. तसेच एक गोळी जास्तीची घेऊन दोन पोळ्या जास्तीच्या खाण्याचा व्यवहार काही मंडळी करतात, तो तर सर्वथा वर्ज्य. औषध हे देहाशी केलेल्या अन्यायाची दंडपावती नव्हे. रुग्णाला सवलत देण्यास शास्त्रानेही कधी नकार दिलेला नाही. बाल, वृद्ध आणि आतुर यांच्यासाठी व्रताचे नियम नेहमीच सैल ठेवलेले आहेत.

वाटून खाण्याचा वारसा

मात्रेचा विचार आपल्या पानापाशी संपत नाही. आपल्या ताटात जे अधिक झाले, ते कोणाच्या तरी ताटात उणे आहे. सोलापूर जिल्ह्याला ही शिकवण दूरवर जाऊन शोधावी लागत नाही. पंधराव्या शतकात दुष्काळाने माणसे अन्नान्न करीत असताना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाच्या कोठारांची दारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने त्या धान्याची रक्कम दरबारात भरली, ही कथा येथील घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत देव धावून आला तो कोणाच्या पक्वान्नांना भुलून नव्हे. साठवलेले धान्य भुकेल्याच्या मुखी पडले म्हणून आला. ज्या भूमीने वारंवार दुष्काळ पाहिला, त्या भूमीत अन्न टाकून देणे हे अजीर्णापेक्षाही मोठे पाप.

भवानी पेठेच्या गल्ल्यांत आजही यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो, ओटीत विड्यांचे सूप घेऊन बसलेल्या माता-भगिनी दिसतात. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराला संक्रांतीची चिंता निराळी असते : आपल्या मुलांच्या हातावर तीळगूळ पडेल की नाही. ज्यांच्या डब्यांत गुळपोळ्या तीन दिवस उरून कडक होतात, त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांतील निम्म्या ताज्या असताना शेजारी पोचवाव्यात. तिळाच्या सहा उपयोगांतील दान ते हेच. दान दिल्याने घरातील गोड आपोआप मात्रेत येते, आणि देणाऱ्याचे आरोग्य व घेणाऱ्याचा सण दोन्ही एकाच पोळीने साधतात. यापरते स्वस्त आणि पुण्यप्रद पथ्य आम्हांस तरी ठाऊक नाही.

म्हणून “न खाई भोगी, तो सदा रोगी” ही म्हण आम्ही वाचकांना पुन्हा एकदा, तिच्या पुऱ्या अर्थाने, सांगू इच्छितो. भोगी अवश्य खावी. ऋतूने दिलेल्या भाज्या, बाजरीची भाकरी, तिळाचा कूट, वर लोणी. पोटात एक कोपरा मोकळा ठेवून खावी. संक्रांतीची गुळपोळी देवाला दाखवून, घरातील अन्नपूर्णेला शेजारी बसवून, एक घास हळूहळू चावून खावी. नको म्हणणाऱ्याचा नकार हसत स्वीकारावा, आणि हवी असून जिला ती मिळत नाही, तिच्या दारी ती स्वतः नेऊन द्यावी. आणि सण उलटला, की किंक्रांतीनंतरचे दिवस पुन्हा साधे, श्रमाचे आणि मिताहाराचे करावेत, म्हणजे पुढल्या वर्षी याच तिळाची गोडी तितकीच नवी लागेल.

सूर्य मकरेत प्रवेश करतो म्हणून दिवस एकदम मोठा होत नाही. तो तिळातिळाने वाढतो. आरोग्यही तसेच वाढते आणि स्नेहही तसाच वाढतो. श्री सिद्धरामेश्वर आणि आई रूपाभवानी यांच्या कृपेने आमच्या सर्व वाचकांच्या घरी ही वाढ तिळातिळाने होत राहो. तीळगूळ घ्या, गोड बोला.